गाडीचे कंपाउंडर

ये, अशी जवळ येऊन बस. दारापाशी पाहुणीसारखी काय टेकलीस. आणि आधी कानातली ती गाण्यांची बोंडं काढ. काढलीस? बरं. आता खरं सांग, ती घालूनच ठाण्याहून इथवर गाडी हाणत आलीस ना? एकाच कानात होतं म्हणतेस, मग दुसरा कान काय करत होता? तुझी गाडी आमच्या गेटातून आत वळली तेव्हा केवढी विव्हळली. मी चौथ्या मजल्यावर चहाचं आधण ठेवत होते, मला ऐकू आलं. तू तिच्या पोटात बसलेली, आणि तुला नाही. एवढी शिकलेली पोर तू, स्वतःच्या गाडीचं गाऱ्हाणं ऐकायला तुला सवड नाही.

तिला काय झालंय ते मात्र मला विचारू नकोस. डावीकडे वळताना विव्हळते, सरळ चालताना गप्प असते, एवढंच मी सांगेन. पुढे कुठला भाग, कुठलं चाक, ते गॅरेजवाला बघेल. माझी विद्या इथेच संपते, आणि जेवढी आहे तेवढीही आमच्या जुन्या घरमालकांची. तू त्यांना बघितलं असशील लहानपणी, पण तुला आठवणार नाहीत. त्यांनी तुला गुलाबी औषध पाजलं होतं आणि तू ते त्यांच्याच शर्टावर उलटून टाकलं होतंस.

तेव्हा आम्ही इथे एव्हरशाईनच्या वसाहतीत नव्हतो, होळी नावाच्या भागात राहायचो. वसई गावाकडे जाताना भाजीच्या, केळीच्या वाड्या लागतात ना, तिथल्या एका वाडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. त्या खोल्यांचे मालक हे. घरची खाडीकाठची शेती, पण शेती सांभाळली भावांनी. यांनी सगळा जन्म गावातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काढला. डॉक्टर म्हातारे होऊन गेले, दवाखाना बंद पडला, यांची कंपाउंडरकी काही बंद पडली नाही. माणसं औषधाला येईनाशी झाली तेव्हा यांनी यंत्रं तपासायला घेतली. आधी वाडीतला पाण्याचा पंप. मग घरातला मिक्सर. मग आम्ही एव्हरशाईनला फ्लॅट घेतला, आमच्या ह्यांनी हौसेने गाडी घेतली, आणि कंपाउंडरकाकांना कायमचा पेशंट मिळाला.

गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं. ते नाही म्हणायचे नाहीत. पण आपण होऊन ओळख सांगताना म्हणायचे, "मी कंपाउंडर," आणि ते अशा आवाजात, की डॉक्टर हा त्याच्या खालचा हुद्दा असावा.

त्यांची बोलायची एक गंमत होती. घरी ते सगळ्या वाडीसारखे बोलत. पानी, लोनी, कोन, कशाला म्हनून. पण दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना ताकीद दिली होती की पेशंटशी शुद्ध बोलायचं. त्यामुळे पांढरा शर्ट अंगात गेला की त्यांच्या तोंडात ण यायचा, आणि तोही इतका घट्ट की समोरच्याला वाटावं आपल्याला काहीतरी मोठं झालंय. "पाणी उकळूण प्या" असं म्हणायचे. उकळूनमधला न सुद्धा त्या धडाक्यात सापडायचा. मी एवढ्या वर्षांत एक खूण बांधली होती. न लावून बोलले की ते मनातलं, ण लावून बोलले की ते दवाखान्यातलं.

आता गाडीचं ऐक. आमचे हे गेले, आणि गाडी खाली धूळ खात उभी राहिली. मुलगा पुण्याला. तो म्हणाला विकू या. मी म्हटलं, थांब, मी शिकते. त्या वयात मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. माझ्या बॅचला सगळी कॉलेजची पोरं, मला बघून उठून जागा द्यायची. शिकवणारा मला "आई" म्हणायचा आणि प्रत्येक वळणाला स्वतःच्या आईचं नाव घ्यायचा. पण शिकले. लायसन हातात पडलं त्या दिवशी मी गाडी गेटाबाहेर काढली, एक चक्कर मारली आणि परत आणून लावली. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. गाडी त्याच्या खुर्चीला लागली नव्हती म्हणून वाजवल्या असाव्यात.

पण मग मला आवाज ऐकू यायला लागले. नव्याने गाडी चालवणाऱ्या बाईला काय काय ऐकू येतं ते तुला नाही कळायचं. मला इंडिकेटरचा टिकटिक आवाजसुद्धा रोग वाटायचा. मी होळीला फोन लावायची. "काका, गाडीचा पट्टा की काय तो, त्याच्यातून..."

"पट्टा?" ते तिकडून म्हणायचे. "तू पट्टा बघितलास? नाय ना? मग पार्टाचं नाव घेऊ नको. तुला काय ऐकायला आलं ते बोल."

"म्हणजे असा एक घासल्यासारखा..."

"सांगू नको. करून दाखव."

ही त्यांची पहिली अट. आवाज सांगायचा नाही, तोंडाने करून दाखवायचा. दवाखान्यात म्हणे पेशंट येऊन म्हणायचा मला पित्त झालंय, मला वात झालाय. डॉक्टर म्हणायचे, ते मी ठरवीन, तुला होतं काय ते बोल. मग पेशंट बोलायचा. जळजळतं, मळमळतं, डोकं ठणकतं, छाती घरघरते. कंपाउंडरकाकांचं म्हणणं, माणसाच्या आणि गाडीच्या दुखण्याला आपल्याकडे शब्द एकच आहेत, मग औषधात एवढा फरक कशाला.

झालं. मी खाली पार्किंगमध्ये, फोन कानाला, आणि तोंडाने चालू. "कुईं. कुईं. ठक. कुईं."

"ठक एकदा की दोनदा?"

"एकदा. ठक."

"ओला की सुका?"

आता ओला ठक कसा करायचा? पण मी केला. वॉचमन लांबून बघत होता, तो पाण्याची बाटली घेऊन धावत आला. "माताजी, तबियत ठीक है? ऊपर से किसी को बुलाऊँ?" मी त्याला हाताने थांब म्हटलं आणि आणखी एकदा कुईं केलं. तेव्हापासून तो माझ्याशी फार हळू बोलतो.

फोनवर तक्रार ऐकली की दुसऱ्या दिवशी स्वारी तपासायला हजर. होळीहून रिक्षाने यायचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात घडी घातलेला रुमाल. गाडीत बसायच्या आधी चपला काढायचे. घरात शिरताना काढतो तशा, बाहेर. त्यांचं म्हणणं, निम्मा आवाज कानाला येतो आणि निम्मा तळपायाला, चप्पल मध्ये आली की रोग अर्धाच कळतो. अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवून, डोळे मिटून बसायचे. आणि आम्ही निघून जायचो. चपला तिथेच, एव्हरशाईनच्या गेटापाशी, रस्त्याच्या कडेला, कोणी पाण्यात उतरल्यासारख्या. पुढे पुढे रिक्षावाले मला हात करून सांगायचे, "मावशी, डॉक्टरच्या चपला राहिल्या." एकदा त्या चपलांभोवती चार माणसं जमून चर्चा करत होती की कोण होता बिचारा.

गाडी चालू झाली की गाडीत बोलायचं नाही. पंखा बंद, गाणी बंद, काचा वर. घामाच्या धारा. मग ते सांगतील तसं करायचं. वेग वाढव. पाय काढ. आता डावीकडे कल. आता ब्रेक. वेग वाढला की आवाज वाढतो का, की इंजिन वाढलं की वाढतो, ते आधी वेगळं करायचे. त्यांच्या भाषेत, हे चालण्याचं दुखणं की श्वासाचं दुखणं. आणि मग काचा खाली करून कुठल्याही लांबलचक कुंपणाच्या भिंतीला लागून गाडी न्यायला लावायचे. भिंतीवरून आवाज परत येतो ना, तो स्वच्छ येतो. "भिंत चुगली करते," म्हणायचे. आधी या अंगाने, मग वळून त्या अंगाने. पापडी गावाच्या बाजूला एका शाळेची मोठी भिंत आहे, तिथून आम्ही इतक्या वेळा गेलो की शाळेच्या शिपायाने एक दिवस विचारलं, ॲडमिशनचं काय काम आहे का.

एवढं करून निदान बरोबर यायचं का? फार नाही. मी तुला उगाच त्यांची आरती करत नाही. दहातली निम्मी तरी चुकायची. पण चुकलो असं म्हणायचा त्यांना सराव नव्हता.

दसऱ्याची गोष्ट सांगते. गाडीची पूजा केली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या नारळ फोडू नका, वर्षभर गाडीतच राहू दे, चांगलं असतं. मी डिकीत ठेवला आणि विसरले. मग दिवाळीच्या सुमारास आवाज सुरू. ब्रेक मारला की मागून घळंग, आणि थोड्या वेळाने धप. काकांना बोलावलं. अनवाणी बसले, डोळे मिटले, भिंत झाली, आणि म्हणाले, "पोटात पाणी झालं आहे." ण घट्ट. मी घाबरले. नालासोपाऱ्याला एक ओळखीचा मेकॅनिक आहे, काकांसकट गाडी त्याच्याकडे नेली. तो बिचारा पेट्रोलच्या टाकीत पाणी शोधत अर्धा दिवस गाडीखाली आडवा. काही नाही. शेवटी जादाचं चाक काढायला त्याने डिकी उचकटली, तर चाकाच्या खोबणीत नारळ.

त्याने नारळ काढून काकांच्या हातात दिला. मी मनात म्हटलं, आता बोला. काकांनी तो कानाशी नेला, हलवला, आणि शांतपणे मला म्हणाले, "मी काय म्हनालो? पोटात पानी."

आणि तिथेच फोडून आम्हा तिघांना वाटला.

तसे ते पेशंट बाहेरही शोधायचे. रस्त्यात हात दाखवून परक्या गाड्या थांबवायचे. "तुमची मागची बाजू खोकते." एकदा माझ्यासमोर त्यांनी वरातीची गाडी थांबवली, आत नवरा-नवरी. म्हणाले, कातडी सुटली आहे, फडफडते आहे, पुढे जाऊ नका. नवरा फेटा सावरत खाली उतरला. बघतो तर सजावटीची रिबीन सुटून दरवाजाला आपटत होती. काकांनी रिबीन बांधून दिली, नवरीला आशीर्वाद दिला आणि मला म्हणाले, "वेळेवर आली केस."

माझ्या गाडीत पाणी घालायची जी बाटली असते ना इंजिनापाशी, तिच्यावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली होती. जुने कंपाउंडर औषधाच्या बाटलीला डोसांच्या खाचा कातरून चिकटवायचे तशी. या खाचेच्या खाली पाणी गेलं की मला फोन कर. मी गॅरेजला गाडी दिली की तिथली माणसं ती पट्टी बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी सांगायची, "पथ्य आहे तिचं." सांगताना मला काही वाटायचं नाही, यावरून मी किती बिघडले होते ते बघ.

आता मुख्य सांगते. एक आवाज असा आला की त्याने आम्हा दोघांना जेरीला आणलं. कट्. बस. लहानसा, सुका, कट्. सिग्नलवरून सुटताना. गिअर बदलताना. रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर वाहनं तुंबली की कट्, कट्, कट्. मेकॅनिक गाडी घेऊन फिरून आला. "आंटी, एकदम मक्खन है." मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याने चालवली. काही नाही. मी चालवायला बसले, काका मागे येऊन बसले, कट्. शेजारी बसलेल्या मुलानेही ऐकलं. त्याचा चेहरा उतरला.

तो वाईट नाही ग. काळजीच असते त्याची. जाताना म्हणाला, "आई, हा आवाज कसला ते मला कळत नाही, मेकॅनिकला कळत नाही. तू एकटी चालवतेस. भर रस्त्यात काही झालं तर? मी पुढल्या महिन्यात परत येतो. तोवर कारण मिळालं तर ठीक. नाही तर गाडी विकायची आणि तू पुण्याला यायचं, मला काही ऐकायचं नाही."

गाडी आणि मी, एका दमात. माझं पुण्याशी वाकडं नाही. पण तिथे त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, सगळे सकाळी बाहेर पडतात, आणि मी गॅलरीतली कुंडी होणार. दोन वेळा पाणी मिळेल. इथे मी मनात आलं की किल्ली घेते, होळीच्या बाजारातून अळू आणते, वसईच्या किनाऱ्यावर जाऊन बसते, आजारी कोणी असलं तर डबा देऊन येते. किल्ली पर्समध्ये आहे म्हणून मी या घरात एकटी राहू शकते. काकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच बोलले, "आपन शोधू."

मग शोधणं सुरू. रोज. भिंत, चढ, उतार, खड्डे. त्यांनी पुढची सीट सोडून मागे बसून ऐकलं. मग खाली वाकून ऐकलं. बॉनेटवर स्टेथोस्कोप लावून ऐकलं, सिग्नलला, मागचे हॉर्न वाजवत असताना. स्टेथोस्कोप डॉक्टरांचा, आठवण म्हणून ठेवलेला. माझी काय शोभा होत होती विचारू नकोस. भाजीवाल्या मला विचारायच्या, गाडीला दिवस गेलेत का.

आणि काका हरायला लागले. रात्री फोन यायचा, "बाय, तो कट् पुन्हा एकदा कर बरं." मी करायची. पलीकडून तेही करून बघायचे. एकदा तर म्हणाले, "माझा कान गेला की काय, कोन जाने." न लावून बोलले होते, म्हणून मला जास्तच लागलं.

एक दिवस पुलाच्या चढावर गर्दीत माझ्याकडून गाडी बंद पडली. हे नेहमीचंच. मागून शिव्या सुरू झाल्या, मी घाईघाईने क्लच दाबला आणि किल्लीला हात घातला. कट्.

काकांनी माझा हात धरला. "थांब. गाडी बंद हाय."

"हो, लावतेच आहे."

"लावू नको. गाडी बंद हाय, आनि आवाज आला."

मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. काका डोळे उघडून बसले होते, आणि बॉनेटकडे बघत नव्हते. "क्लच सोड. पुन्हा दाब."

कट्.

"बाय," ते म्हणाले, "हे आपन होळीला जाऊन बघू."

होळीच्या बाजारात गाडी लावली. त्यांनी मला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, डावा पाय लांब करायला सांगितला, मग दुमडायला. कट्. गुडघा. माझा गुडघा वाजत होता ग. एवढे दिवस आम्ही शाळेच्या भिंतीला लावून जे घेऊन फिरत होतो, ते गाडीचं नव्हतंच, माझं होतं. मेकॅनिकने चालवली तर वाजणार कसं, तो माझा गुडघा थोडाच घेऊन गेला होता.

काकांनी खिशातून स्टेथोस्कोप काढून माझ्या गुडघ्याला लावला. भाजीवाल्या बायका टोपल्या सोडून बघायला आल्या. एक म्हणाली, "काय वो कंपाउंडर, गाड्या सोडून आता मानसं तपासायला लागलात?"

"मानसंच तपासत होतो आधी," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद होता. कान शाबूत होता ना त्यांचा.

मला मात्र हसावं की रडावं कळेना. गाडीत दोष असता तर दुरुस्त करता आला असता. आता मुलाला काय सांगायचं? की बाबा, गाडी ठणठणीत आहे, आईच खिळखिळी झाली आहे? मग गाडी तर जाणारच, आणि माझं सामानही त्याच दिवशी भरलं जाणार.

काकांनी मला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. स्वतः सोबत बसले. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, वयाची आहे, व्यायाम करा, गाडी चालवायला हरकत नाही, पायात जोर चांगला आहे. आवाज राहील. बाहेर पडल्यावर मी काकांना म्हटलं, "हरकत नाही म्हणाले, पण पोरगा आवाज ऐकणार आणि गुडघा कळला की दुसरं काही ऐकणार नाही."

"पेशंटचं पेशंटजवळ," ते म्हणाले. "दवाखान्यातून मी कधी कोनाचं काही बाहेर नेलं नाय."

"आणि त्याने तुम्हालाच विचारलं तर?"

ते चपला शोधायला लागले.

मुलगा आला. म्हणाला चल, दाखव, आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसला. म्हणजे काकांची जागा गेली. ते मागे बसले, अनवाणी, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखे. मी गाडी काढली. गुडघा वाजू नये म्हणून मी क्लच इतका हळू दाबत होते की गाडी बेडकासारखी उड्या मारत चालली. वॉचमनने गेट आधीच उघडून ठेवलं. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. पहिल्या सिग्नलला नाही वाजला. दुसऱ्याला नाही. पुलाच्या चढावर अडकलो आणि वाजला. कट्.

"हा," मुलगा म्हणाला. "हाच. काका, ऐकलंत? कुठून येतो हा?"

मी समोरच्या टेम्पोच्या मागे लिहिलेलं वाचत होते, तीन वेळा वाचलं तरी काय लिहिलंय ते कळेना.

मग काका बोलले. "प्रामाणिकपणे सांगतो. निदान करण्यात माझ्याकडून चूक झाली. तो आवाज गाडीचा नाही, माझ्या गुडघ्याचा आहे. मी प्रत्येक वेळी गाडीत होतो, त्यामुळे लक्षात आलं नाही."

एकूणएक ण जागच्या जागी. मी त्यांना आरशातून बघितलं. ज्या माणसाने नारळ हातात असताना चूक कबूल केली नव्हती, तो माझ्या मुलासमोर मान खाली घालून चूक म्हणत होता.

मुलगा मागे वळला. "तुमचा गुडघा?"

"ऐक," म्हणाले. आणि त्यांनी पाय दुमडला. काही आवाज आला नाही. त्या वयात त्यांचे गुडघे तेल घातलेल्या बिजागरीसारखे होते, रोज वाडीत फिरणारा माणूस. मुलगा पुढे वळून कान देऊन ऐकू लागला, तसा त्यांनी पुन्हा दुमडला. या वेळी कट् आला. छान आला, सुका, अगदी माझ्यासारखा. त्यांनी टाळूला जीभ लावून तोंडाने काढला होता. मी ओठ चावून स्टिअरिंग धरलं.

मुलगा जो हसत सुटला तो पूल उतरेपर्यंत. "काका, तुम्ही महिनाभर स्वतःचा गुडघा शोधत होता?"

"हो," काका म्हणाले. "शोधत होतो."

गाडी राहिली. मी राहिले. पण ती गोष्ट मुलाने हसत हसत खाली पार्किंगमध्ये सांगितली, तिथून ती एव्हरशाईनभर झाली, तिथून होळीच्या बाजारात गेली. पुढे कितीतरी दिवस काका दिसले की कोणीतरी विचारायचंच, "काय कंपाउंडर, गुडघा काय म्हणतो?" परक्या गाड्या थांबवल्या तर ड्रायव्हर काच खाली करून म्हणायचे, "आधी तुमचा गुडघा बघा." त्यांचा सगळा हुद्दा गेला. भाजीवाल्या बायकांनी तर सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, पण त्यांनाही काकांनी काय सांगून गप्प बसवलं होतं कोण जाणे. मी एकदा म्हटलं, मी सांगते सगळ्यांना खरं. तर म्हणाले, "कशाला? लोकांना हसायला पन काही पाहिजे. तू तेल लाव आनि व्यायाम कर. मला परत खोटं बोलायला लावू नको, तोंड दुखतं."

पुढच्या वर्षी मुलानेच ती गाडी बदलून मला क्लच नसलेली गाडी आणून दिली. डाव्या पायाला कामच नाही. मी विचारलं, एकदम हीच कशी काय घेतलीस? तो म्हणाला, "आई, माझ्यापुढची उन्हाची झडप खाली होती, तिला आरसा होता. काकांचे गाल हलताना दिसले मला." एवढंच. मी चहा केला.

नव्या गाडीत काका बसले, चपला बाहेर काढून. मी त्यांना पार किनाऱ्यापर्यंत नेऊन आणलं. डोळे मिटून बसले होते. उतरताना म्हणाले, "चांगली हाय. पन काही बोलत नाय." मला त्यांचं वाईट वाटलं. तरी येत राहिले. कधी सीटखाली मी मुद्दाम सुपारीची डबी ठेवायची. ओळखायचे, पण लगेच नाही सांगायचे. एक भिंत होऊ द्यायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर ते गेले. झोपेत. त्यांच्या मुलीने मला फोन केला तेव्हा मी किल्ली घेतली आणि सरळ होळीला गेले. वाटेत रडायला आलं म्हणून काचा वर केल्या, पंखा बंद केला, तेव्हा कळलं की मी ऐकत बसले आहे.

आणि आता त्या मुक्या गाडीला कंठ फुटलाय. उताराला लागली की मागून काहीतरी येतं. खुसखुस म्हणू तर तेवढं बारीक नाही, खसखस म्हणू तर तेवढं कोरडं नाही. मेकॅनिकला सांगितलं, तो म्हणतो आंटी, वहम है. मी त्याला तोंडाने करून दाखवलं तर त्याने मला बसायला स्टूल दिलं. मलाही ठरवता येत नाही, कारण चालवायचं आणि ऐकायचं दोन्ही एका माणसाला नीट जमत नाही. शेजारी कोणीतरी लागतं, गप्प बसणारं.

बरं, निघ आता. घोडबंदरला गर्दी होईल आणि तुझ्या आईचा फोन मला येईल. ही अळूची जुडी घे. पण परत ये हं. सणावाराची वाट बघू नकोस, काम काढून नको, एखाद्या रिकाम्या दुपारी ये. आपण दोघी किनाऱ्याकडच्या उतारावर जाऊ, मी चालवीन आणि तू ऐक. तो आवाज मला एकटीला येतो की तुलाही येतो, तेवढं तरी कळू दे. लवकर ये.